‘आय ॲम बोअरिंग’ म्हणण्याआधी : इंदूरच्या मराठी घरांतून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी

विजयनगरच्या एका ऑफिसात माझी मुलाखत होती. तेव्हा मी ३४ वर्षांची होते आणि बऱ्याच वर्षांनी घराबाहेर नोकरी शोधत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, आधीचं काम का सोडलंत? मी आठवडाभर घोकलेलं उत्तर दिलं, ‘आय वॉज बोअरिंग इन दॅट जॉब.’ त्या क्षणभर थांबल्या, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. घरी आल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला सगळं सांगितलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘काकू, तू म्हणालीस की त्या नोकरीत तू कंटाळवाणी होतीस.’

मला म्हणायचं होतं की त्या कामाचा मला कंटाळा आला होता. तेव्हापासून हा एक शब्द मी नीट धरून शिकले. आता दर रविवारी रामबागेतल्या आमच्या घरी चार-पाच जण इंग्रजी बोलायचा सराव करायला येतात. त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण आल्या आल्या हीच चूक करतो. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय असावं

- एक शंभरपानी वही. मोबाइलवर टिपून ठेवलेलं पुन्हा उघडलं जात नाही, हा माझा अनुभव.
- विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश, वापराची वाक्यं दिलेला. इंग्रजी–मराठी कोशात ‘डल’ या शब्दापुढे ‘कंटाळवाणा, नीरस, मंद, बोथट’ अशी रांग मिळते, पण कुठला अर्थ कधी घ्यायचा ते कळत नाही.
- मोबाइलमधला रेकॉर्डर.
- घरातलं एक माणूस, जे तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलणार नाही. या चार गोष्टींत हेच मिळणं अवघड, पण शोधा.

१. चूक येते कुठून ते आधी बघा

ही चूक अडाणीपणाची नाही, आपल्या बोलण्यातून ती आपोआप येते. इंदूरच्या मराठी घरात दुपारी चार वाजता पोरगं म्हणतं, ‘आई, मी बोर होऊन राहिलोय.’ शेजारच्या घरात तेच हिंदीत, ‘मैं बोर हो रहा हूँ.’ आता शाळेत आपल्याला काय शिकवलंय? ‘रहा हूँ’ किंवा ‘राहिलोय’ दिसलं की क्रियापदाला आयएनजी लावा. जा रहा हूँ, आय ॲम गोइंग. खा रहा हूँ, आय ॲम ईटिंग. मग बोर हो रहा हूँ, आय ॲम बोअरिंग. नियम आपण इमाने पाळला आणि तरी चुकलो.

गोम अशी की इंग्रजीतल्या ‘टू बोअर’ या क्रियापदाचा अर्थ ‘कंटाळणे’ असा नाहीच. त्याचा अर्थ ‘दुसऱ्याला कंटाळा आणणे’. इंग्रजीत हा शब्द या अर्थाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागला. १७६८ सालच्या एका उमरावाच्या पत्रात काही फ्रेंच पाहुणे आपल्या मित्रांना ‘बोअर’ करणार म्हणून त्यांची कीव आलेली आहे. तिथेही कंटाळा देणारे एक आणि सोसणारे दुसरे. हे देणं-घेणं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

२. ‘कंटाळवाणा’ की ‘कंटाळलेला’, हे मराठीत विचारा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, इथे घाई करू नका.

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात याला कृदंत विशेषणं वगैरे म्हणतात. त्या नावांची गरज नाही, कारण हा फरक मराठीने आपल्याला आधीच दिलेला आहे. भाषण *कंटाळवाणं* असतं, श्रोते *कंटाळलेले* असतात. कंटाळलेलं भाषण आणि कंटाळवाणे श्रोते असं आपण चुकूनही उलटं म्हणत नाही. तेवढं फक्त इंग्रजीला जोडायचं :

कंटाळवाणा, म्हणजे कंटाळा देणारा : बोअरिंग.
कंटाळलेला, म्हणजे कंटाळा आलेला : बोअर्ड.

बोलायच्या आधी मनात मराठी वाक्य म्हणा आणि त्यात या दोहोंपैकी काय बसतं ते बघा. ‘मी कंटाळलेय’, मग ‘आय ॲम बोअर्ड’. ‘लेक्चर कंटाळवाणं होतं’, मग ‘द लेक्चर वॉज बोअरिंग’. ‘मुलं कंटाळली होती कारण खेळ कंटाळवाणा होता’, मग ‘द चिल्ड्रन वेअर बोअर्ड बिकॉज द गेम वॉज बोअरिंग’. हे शेवटचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन्ही शब्द एकाच वाक्यात आल्याने ते विसरत नाही.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला : ‘माणसाला बोअर्ड आणि वस्तूला बोअरिंग’ असा सोपा नियम क्लासमध्ये सांगतात. तो अपुरा आहे. माणूसही बोअरिंग असू शकतो, एकच गोष्ट पाचव्यांदा सांगणारे दूरचे मामा आठवा. आणि चेहरा, आवाज, नजर यांना बोअर्ड लागतं, ‘अ बोअर्ड फेस’, कारण चेहऱ्यावर आतला कंटाळा दिसतो. म्हणून माणूस की वस्तू हे बघत बसू नका, देणारा की सोसणारा ते बघा.

दुसरा : ‘यू आर बोअरिंग’ हे वाक्य. आपल्याला विचारायचं असतं, ‘तुला कंटाळा येतोय का?’ आणि तोंडून जातं ‘आर यू बोअरिंग?’ ऐकणाऱ्याला ते ‘तू रटाळ आहेस का?’ असं लागतं. पाहुण्याला विचारताना, सासरच्या माणसांशी बोलताना, बॉसला विचारताना ‘आर यू बोअर्ड?’ हेच म्हणा. शब्दाच्या शेवटच्या एका ‘ईडी’ने माणूस दुखावायचा वाचतो.

हीच चावी आणखी कितीतरी कुलपांना लागते. थकलेली मी ‘टायर्ड’, थकवणारा प्रवास ‘टायरिंग’. गोंधळलेला विद्यार्थी ‘कन्फ्यूज्ड’, गोंधळात टाकणारा फॉर्म ‘कन्फ्यूजिंग’. रस असलेला प्रेक्षक ‘इंटरेस्टेड’, रंगतदार नाटक ‘इंटरेस्टिंग’. खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात ‘सानंद’ या संस्थेचं मराठी नाटक बघून आलात की परतताना दोन वाक्यं इंग्रजीत बोला, एक नाटकाबद्दल आणि एक स्वतःबद्दल. नाटकाला आयएनजी, स्वतःला ईडी.

३. ‘मला’ सोडून द्या

मराठीत कंटाळा पाहुण्यासारखा आपल्याकडे *येतो* : मला कंटाळा आला. इंग्रजीत तो येत नाही, माणूसच तसा होतो. म्हणून ‘मला’चा ‘मी’ करा आणि ‘आला’ विसरा.

मला कंटाळा आलाय : आय ॲम बोअर्ड.
मला कंटाळा यायला लागलाय : आय ॲम गेटिंग बोअर्ड.
मला कंटाळा आला आणि मी उठून गेले : आय गॉट बोअर्ड अँड लेफ्ट.

आणि ‘अभ्यासाचा कंटाळा’ यातला ‘चा’? त्याला इंग्रजीत ‘विथ’ किंवा ‘बाय’. ‘आय ॲम बोअर्ड विथ धिस गेम.’ हल्ली ‘बोअर्ड ऑफ’ खूप ऐकू येतं आणि बोलण्यात कोणी अडवणार नाही, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या पत्रात ‘विथ’ लिहा. ‘बोअर्ड टू स्टडी’ मात्र कुठेच चालत नाही.

४. आपला कंटाळा तीन प्रकारचा आहे

हे मला कुठल्याही क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही, आणि सगळ्यांत जास्त अडचण इथेच होते. ‘कंटाळा’ हा मराठी शब्द ‘बोअर्ड’पेक्षा फार मोठा आहे. दर वेळी ‘बोअर्ड’ वापरलंत तर व्याकरण बरोबर येईल आणि अर्थ चुकेल.

पहिला, करायला काही नाही किंवा आहे ते रटाळ आहे म्हणून येणारा कंटाळा. रविवारची दुपार, लाइट गेलेली, मोबाइल डिस्चार्ज. हा खरा ‘बोअर्ड’.

दुसरा, आपण *करतो* तो कंटाळा. ‘तो व्यायामाचा कंटाळा करतो.’ ‘भांडी घासायचा कंटाळा केला.’ यात रस नसण्यापेक्षा आळस जास्त आहे. ‘ही इज बोअर्ड विथ एक्सरसाइज’ म्हटलं तर तो रोज व्यायाम करून कंटाळला असा अर्थ होईल, आणि हा तर गादीवरून उठलेलासुद्धा नाही. इथे ‘ही इज टू लेझी टू एक्सरसाइज’. स्वतःबद्दल जरा हलक्याने सांगायचं तर ‘आय कान्ट बी बॉदर्ड’, पण ते घरच्या माणसांत, वरिष्ठांसमोर नाही.

तिसरा, त्रासाला कंटाळणं. ‘रोजच्या ट्रॅफिकला कंटाळले.’ ‘या दुखण्याला बाबा कंटाळले.’ यात चीड आहे, हतबलता आहे. इथे ‘फेड अप विथ’ किंवा ‘टायर्ड ऑफ’. आजारी सासऱ्यांबद्दल डॉक्टरांना ‘ही इज बोअर्ड विथ द पेन’ सांगितलं तर वेदना किरकोळ आहे असं वाटेल. ‘ही इज टायर्ड ऑफ द पेन’ म्हणा. आणि कुणी मराठीत ‘जिवाला कंटाळलो’ म्हणालं, तर ते ‘बोअर्ड’ या शब्दाच्या कित्येक कोस पलीकडचं आहे. तिथे भाषांतर करत बसू नका, त्या माणसाजवळ बसा.

ओळखायची खूण मराठीतच आहे. कंटाळा *आला* असेल तर बहुधा ‘बोअर्ड’, कंटाळा *केला* असेल तर ‘लेझी’, आणि अमुक*ला* कंटाळलो असेल तर ‘फेड अप’ किंवा ‘टायर्ड’. दहातल्या आठ वेळा ही खूण बरोबर निघते.

५. नुसतं ‘बोअर’ म्हणजे काय

‘पिक्चर फार बोअर आहे’, ‘मी बोअर झाले’ हे आपल्या मराठी-हिंदीत चालतं, छान चालतं, त्यात काही गैर नाही. पण तेच उचलून ‘द मूव्ही इज व्हेरी बोअर’, ‘आय ॲम बोअर’ असं इंग्रजीत नेऊ नका. इंग्रजीत ‘बोअर’ एकतर क्रियापद आहे, ‘धिस बोअर्स मी’, नाहीतर नाम आहे, आणि नाम असेल तर त्याच्या आधी ‘अ’ हवा : ‘ही इज अ बोअर’, म्हणजे तो माणूस पकवतो. कंटाळ्याला नाम हवं असेल तर ‘बोअरडम’.

वाचताना आणखी एक ‘बोअर’ भेटेल : ‘द ट्री बोअर फ्रूट’. झाडाला फळ आलं. हे ‘बेअर’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप, कंटाळ्याशी त्याचा संबंध नाही.

६. उच्चार आणि स्पेलिंग

‘बोअर्ड’चा उच्चार शाळेतल्या फळ्याच्या ‘बोर्ड’सारखाच, एका झटक्यात. ‘बोरेड’ असं दोन तुकड्यांत म्हणू नका. स्पेलिंग मात्र वेगळं : कंटाळलेल्याचं बी-ओ-आर-ई-डी, फळ्याचं बी-ओ-ए-आर-डी. ‘बोअरिंग’ लिहिताना मधला ई गळतो आणि आर एकदाच येतो. ‘जास्त कंटाळवाणा’ला ‘मोअर बोअरिंग’. एवढंच.

७. ‘डल’ : दिसायला भावंडं, स्वभाव वेगळा

‘डल’ हा शब्द इंग्रजीत ‘बोअरिंग’पेक्षा कित्येक शतकं जुना आहे, आणि जुन्या माणसासारखा तो बऱ्याच घरांत जाऊन आलेला आहे. त्याच्या बहुतेक अर्थांत *धार नसणं* आहे. ज्याची धार, चमक किंवा जोर गेला ते डल.

बोथट सुरी : डल नाइफ. फिका, निस्तेज रंग : डल कलर. ढगाळ, उजेड नसलेला दिवस : डल डे. श्रावणातला सूर्य न दिसलेला मंगळवार आठवा, ब्रिटिश हवामानाच्या बातम्यांत त्याला ‘डल’ म्हणतील आणि परीक्षेच्या ऐकण्याच्या पेपरात तसा शब्द येऊ शकतो. तिथे ‘कंटाळवाणं हवामान’ लिहिलंत तर गुण जातात. रटाळ पुस्तक : डल बुक, इथे मात्र तो बोअरिंगच्या अगदी शेजारी येऊन बसतो.

महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये कोणी म्हणालं ‘आज मार्केट डल आहे’, तर त्याला गिऱ्हाईक नाही असं म्हणायचंय. हा अर्थ इंग्रजीतही आहे, बाजाराच्या बातम्यांत ‘ट्रेडिंग वॉज डल’ छापून येतं. रोजच्या बोलण्यात ‘बिझनेस इज स्लो टुडे’ जास्त सहज वाटतं.

आता सापळा. आपल्याकडे मैत्रिणीचा चेहरा उतरलेला दिसला की आपण म्हणतो, ‘आज डल दिसतेस गं.’ त्यात काळजी असते. पण ‘यू लुक डल’ हे परदेशातल्या माणसाला म्हणालात तर तो काळजी ऐकणार नाही, ‘तू निस्तेज, निरस दिसतेस’ एवढंच ऐकेल. ‘यू लुक टायर्ड, आर यू ऑल राइट?’ म्हणा. काळजी पूर्ण पोचते.

आणि मुलांच्या बाबतीत एक मनापासून सांगते. ‘ही इज डल इन मॅथ्स’ हे वाक्य आपल्या शाळांच्या बैठकांमध्ये पालकही म्हणतात आणि शिक्षकही. मराठीतला ‘ढ’ जितका लागतो तितकाच हा लागतो, फक्त इंग्रजीत असल्यामुळे म्हणणाऱ्याला सभ्य वाटतो. मूल तिथेच उभं असतं आणि त्याला तो शब्द समजतो. ‘ही नीड्स हेल्प विथ मॅथ्स’ म्हणा. शिकवणारा माणूस त्यावर काहीतरी करू शकतो, ‘डल’वर तो काय करणार?

८. इंदूरचं ‘बोरिंग’ आणि डॉक्टरांचं ‘बोअरिंग’

पुण्या-मुंबईहून इथे नवीन आलेल्यांसाठी : इंदूरमध्ये घरमालक ‘बोरिंग है’ म्हणाला तर घर कंटाळवाणं आहे असं समजू नका, आनंद माना. बोरिंग म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेली बोअरवेल, कूपनलिका. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून चढवून शहरात आणलं जातं आणि ते ठरावीक वेळी येतं, म्हणून भाड्याचं घर बघताना ‘नर्मदा है? बोरिंग है?’ हे दोन्ही विचारायचं असतं. पण बाहेरगावच्या माणसाला इंग्रजीत सांगताना ‘वी हॅव अ बोअरवेल’ म्हणा. ‘अवर हाउस हॅज बोअरिंग’ त्याला कळणार नाही.

‘भोक पाडणे’ हा ‘बोअर’चा अर्थ इंग्रजी वैद्यकातही जिवंत आहे. आमच्याकडे येणारी नर्सिंगची विद्यार्थिनी एकदा पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, ‘ताई, बोअरिंग पेन म्हणजे कंटाळवाणं दुखणं का?’ नाही. ते गिरमिट फिरवल्यासारखं, आत आत पोखरत जाणारं दुखणं. स्वादुपिंडाला सूज आली की पोटातून पाठीकडे जाणारी वेदना अशी सांगतात. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला सूज आली तरी हाच शब्द येतो. याउलट ‘डल पेन’ म्हणजे मंद मंद, सतत राहणारं दुखणं.

घरातलं कोणी आजारी असेल आणि इंग्रजी फॉर्म भरायचा असेल तर एवढी यादी जवळ ठेवा : मंद दुखतंय : डल. कळ येते : शार्प. जळजळतंय : बर्निंग. ठणकतंय : थ्रॉबिंग. पोखरल्यासारखं वाटतंय : बोअरिंग. आजी ‘ठणका लागलाय’ म्हणत असेल तर ‘डल’वर खूण करू नका. मराठीत तिने अचूक सांगितलेलं असतं, तेच फॉर्मपर्यंत पोचवा.

९. मुलाखतीत ‘बोअरिंग’ नको

आता व्याकरण पक्कं झालं. तरीही मुलाखतीत ‘माय जॉब वॉज बोअरिंग’ म्हणू नका. वाक्य शुद्ध आहे, पण समोरच्याला वाटतं, ही इथेही चार महिन्यांत कंटाळेल. काम नेमकं कसं होतं ते सांगा. तेच ते पुन्हा पुन्हा असेल तर ‘रिपिटेटिव्ह’. एकसुरी असेल तर ‘मोनॉटोनस’. लांबलचक आणि किचकट असेल तर ‘टीडियस’. आणि लगेच पुढचं वाक्य जोडा : ‘आय वॉन्टेड टू लर्न समथिंग न्यू.’ दुसऱ्या मुलाखतीत मी हेच म्हटलं, सावकाश, आणि काय नवीन शिकायचंय याचं उदाहरण दिलं. ती नोकरी मला मिळाली.

जेवणाबद्दल बोलताना अळणी, बेचव पदार्थाला ‘ब्लँड’. दुसऱ्यांकडे पाहुणे म्हणून गेलात तर तोही शब्द गिळून टाका.

१०. सात दिवसांचा सराव

रोज रात्री वहीत दोन वाक्यं लिहा, एक बोअर्डचं आणि एक बोअरिंगचं, आणि दोन्ही त्या दिवशी खरोखर घडलेली असावीत. पुस्तकातली वाक्यं लिहिलीत तर आठव्या दिवशी सगळं पुसलेलं असतं. लिहून झालं की मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करा, सकाळी पोहे परतताना ऐका. चौथ्या दिवसापासून एक ‘फेड अप विथ’चं वाक्य वाढवा.

सातव्या दिवशी खालची पाच वाक्यं इंग्रजीत करा, उत्तरं झाकून :

- बसची वाट बघून मुलं कंटाळली.
- त्यांचं भाषण कंटाळवाणं होतं.
- मी या उकाड्याला कंटाळले.
- दादा सकाळी उठायचा कंटाळा करतो.
- तुम्हाला कंटाळा येतोय का?

उत्तरं : द चिल्ड्रन गॉट बोअर्ड वेटिंग फॉर द बस. हिज स्पीच वॉज बोअरिंग. आय ॲम फेड अप विथ धिस हीट. माय ब्रदर इज टू लेझी टू गेट अप इन द मॉर्निंग. आर यू बोअर्ड?

शेवटचं वाक्य चुकलं असेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा, बाकीचं सध्या राहू द्या. तिसरं किंवा चौथं चुकलं असेल तर चौथा टप्पा पुन्हा वाचा, आणि या वेळी उदाहरणं आपल्या घरातली घ्या.